पोस्टग्रेसचा डेटा बिगक्वेरीत सतत आणताना: स्लॉटपासून ताळमेळापर्यंत

ऑर्डर, पेमेंट, ग्राहक हा रोजचा व्यवहार पोस्टग्रेसवर चालतो आणि महिनाअखेरीचे रिपोर्टही त्याच डेटाबेसवर काढले जातात, ही व्यवस्था धंदा वाढला की फार दिवस टिकत नाही. रीड रेप्लिका, म्हणजे फक्त वाचण्यासाठीची डेटाबेसची कॉपी, लावून काही काळ निभावतं. पण रेप्लिकाही ओळीओळीने साठवणारा डेटाबेसच. दोन वर्षांच्या ऑर्डर्सच्या रकमेची बेरीज हवी असली, तरी तो प्रत्येक ओळीतला पत्ता, शेरा, जेसन असं सगळं डिस्कवरून उचलतो. बिगक्वेरी, स्नोफ्लेक, रेडशिफ्ट ही क्लाउड डेटा वेअरहाउसेस कॉलमनुसार साठवतात, त्यामुळे रकमेची बेरीज करताना फक्त रकमेचा कॉलम वाचला जातो. म्हणून मूळ डेटाबेसमधला प्रत्येक बदल तिकडे सतत पोचवत राहायचा आणि रिपोर्ट तिकडेच चालवायचे.

या लेखात पोस्टग्रेस हा सोर्स, गूगलचं डेटास्ट्रीम हे मधलं टूल आणि बिगक्वेरी हे डेस्टिनेशन धरलं आहे. तुमच्याकडे डेबेझियम, एअरबाइट किंवा फाइव्हट्रान असेल, तरी सोर्सच्या बाजूचं जवळजवळ सगळं तसंच लागू पडतं. चर्चा बहुतेक वेळा कोणतं वेअरहाउस घ्यायचं यावरच रंगते. माझं मत असं, की जिवाला घोर लावणारी जागा सोर्स आहे. वेअरहाउसमध्ये काही बिघडलं तर रिपोर्ट उशिरा मिळतो, सोर्सवर बिघडलं तर ऑर्डर घेणंच थांबतं. त्यामुळे लेखाचा मोठा भाग तिथेच जाणार आहे.

## आधी ठरवायच्या दोन गोष्टी

पहिली म्हणजे जागा. बिगक्वेरीत डेटासेट तयार करताना जो रीजन निवडाल, तो नंतर बदलता येत नाही. बदलायचा तर नवा डेटासेट करून सगळं कॉपी करावं लागतं. मूळ डेटाबेस मुंबईत असेल तर डेटासेटही मुंबई रीजनमध्येच ठेवा. एका रीजनमधून दुसऱ्या रीजनमध्ये डेटा नेण्याचा खर्च वाचतो आणि कायद्याची बाजूही सोपी राहते. पेमेंट सिस्टिमचा डेटा भारतातच साठवावा, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ पासूनचा आदेश आहे. तुमचं काम त्या कक्षेत येत असेल, तर अमेरिकेतला डीफॉल्ट रीजन तसाच राहून गेला हे फार महागात पडेल.

दुसरी गोष्ट, ताजेपणा किती हवा? 'रिअल टाइम' सगळ्यांनाच हवं असतं. पण अकाउंट्सला सकाळी नऊला कालचा हिशेब पुरतो आणि डिलिव्हरीच्या टीमला पंधरा मिनिटांपूर्वीचं चित्र चालतं. प्रत्येक रिपोर्टच्या मालकाला विचारून आकडा लिहून घ्या. पुढे बिलाचा बराच भाग या आकड्यावर ठरतो.

## सोर्सची तयारी

बदल टिपण्यासाठी पोस्टग्रेसचा राइट अहेड लॉग, म्हणजे 'वॉल', वाचला जातो. त्यासाठी 'वॉल लेव्हल' हे सेटिंग 'लॉजिकल' करावं लागतं. डीफॉल्ट 'रेप्लिका' असतं आणि बदलल्यावर डेटाबेस रीस्टार्ट करावा लागतो. अॅमेझॉनच्या आरडीएसवर हेच काम पॅरामीटर ग्रुपमधल्या 'लॉजिकल रेप्लिकेशन'च्या सेटिंगने होतं, गूगलच्या क्लाउड एसक्यूएलवर 'लॉजिकल डिकोडिंग'च्या फ्लॅगने. रीस्टार्ट दोन्हीकडे अटळ आहे, तेव्हा वेळ ठरवून सगळ्यांना कळवा.

मग वेगळा युजर तयार करा. अॅपचा युजर इथे वापरू नका. नव्या युजरला रेप्लिकेशनचा अधिकार, स्कीमावर 'यूसेज' आणि टेबलांवर 'सिलेक्ट' एवढंच द्या. पुढे तयार होणाऱ्या टेबलांसाठी डीफॉल्ट प्रिव्हिलेजही आत्ताच बदलून ठेवा, नाहीतर नवं टेबल आलं की बॅकफिल, म्हणजे आधीचा डेटा आणण्याचं काम, परवानगीअभावी अडतं. जोडणी खाजगी नेटवर्कवरून किंवा एसएसएच टनेलमधून करा. पब्लिक आयपी वापरावाच लागला, तर फक्त टूलचे ठरावीक पत्ते अलाउलिस्टमध्ये घाला. 'तात्पुरतं सगळ्यांना खुलं ठेवू' असं म्हटलेली फायरवॉल वर्षभर तशीच राहते.

यानंतर प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारा कॉलम. ज्या टेबलाला ती नाही आणि 'रेप्लिका आयडेंटिटी'ही (बदललेली ओळ कशावरून ओळखायची ते सांगणारं सेटिंग) दिलेली नाही, असं टेबल पब्लिकेशनमध्ये, म्हणजे पाठवायच्या टेबलांच्या यादीत, घातलं की त्या क्षणापासून मूळ डेटाबेसमध्येच त्यावरचे अपडेट आणि डिलीट एरर देऊन नाकारले जातात. रेप्लिकेशन सुरू झालेलं नसलं तरीही. अॅपमधलं एखादं जुनं, बिनकीचं मॅपिंग टेबल या कारणाने अचानक बदलेनासं होतं आणि कारण शोधताना कुणाची नजर पब्लिकेशनकडे जात नाही. म्हणून सगळ्या टेबलांची यादी काढा, बिनकीची टेबलं वेगळी करा आणि शक्य तिथे प्रायमरी कीच द्या. अगदीच जमत नसेल तिथे रेप्लिका आयडेंटिटी 'फुल' करा. 'फुल' केल्यावर प्रत्येक बदलासोबत जुनी ओळ पूर्णपणे लॉगमध्ये लिहिली जाते, तेव्हा ते सरसकट करू नका.

'फुल'चा विचार करावा अशी अजून एक जागा आहे. साधारण दोन केबीच्या पुढे गेलेली ओळ असेल, तर पोस्टग्रेस तिच्यातला मोठा मजकूर किंवा जेसन वेगळ्या 'टोस्ट' टेबलात ठेवतं. अपडेटमध्ये तो कॉलम बदलला नसेल, तर डीफॉल्ट आयडेंटिटीत त्याची किंमत बदलासोबत येतच नाही, 'बदललेली नाही' एवढीच खूण येते. अशा टेबलातली एक ओळ घ्या, तिचा फक्त स्टेटस बदला आणि पलीकडे मोठा कॉलम शाबूत आहे का, हे डोळ्यांनी बघा.

## पब्लिकेशन आणि स्लॉट, याच क्रमाने

पब्लिकेशन म्हणजे कोणती टेबलं पाठवायची याची यादी. स्लॉट म्हणजे वाचणारा लॉगमध्ये कुठपर्यंत पोचला याची नोंद. आधी पब्लिकेशन करा, नंतर 'पीजीआउटपुट' प्लगइन देऊन स्लॉट. स्लॉट आधी केला तर लॉगच्या त्या जुन्या क्षणी पब्लिकेशन अस्तित्वातच नव्हतं, अशी तक्रार करून वाचणारा थांबतो, आणि पब्लिकेशन डोळ्यांसमोर दिसत असताना 'सापडत नाही' हा संदेश माणसाला चक्रावून टाकतो.

'सगळी टेबलं' असं पब्लिकेशन करायचा मोह टाळा. सेशन, जॉब क्यू, ऑडिट लॉग यांना रिपोर्टात काडीचं काम नसतं आणि बदल मात्र सगळ्यात जास्त त्यांच्यातच होतात. टेबलांची नावं एकेक लिहा. आवृत्ती १५ किंवा पुढची असेल, तर कोणते कॉलम जायचे हेही पब्लिकेशनमध्येच ठरवता येतं; डेटास्ट्रीममध्येही कॉलम वगळण्याची सोय आहे. आधार, पॅन, पासवर्डचा हॅश असे कॉलम इथेच तोडा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बघता, जो डेटा पलीकडे गेलाच नाही त्याची राखण करावी लागत नाही, हा सरळ हिशेब आहे.

स्लॉट तयार करण्याची आज्ञा कधीकधी नुसतीच अडकून राहते. डेटा बदलणारे चालू ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत ती थांबते. कुणी दुपारी एखादा अपडेट करून ट्रान्झॅक्शन उघडाच ठेवून जेवायला गेलं असेल, तर तो परत येईपर्यंत स्लॉट तयार होणार नाही. आधी चालू सेशन तपासा.

## स्लॉट आणि डिस्क

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाचणारा टूल बंद पडला, तरी स्लॉट जिवंत राहतो आणि पोस्टग्रेस त्याच्यासाठी सगळा लॉग साठवत बसतं. कुणी वाचत नाही म्हणून तो लॉग टाकून दिला जात नाही. डिस्क भरते आणि मग मूळ डेटाबेस लिहिणं थांबवतो.

आकडे मांडून बघू. समजा तुमचा डेटाबेस तासाला ४ जीबी लॉग लिहितो. शुक्रवारी रात्री आठला स्ट्रीम अडकली आणि सोमवारी सकाळी आठला कुणाच्या लक्षात आलं, म्हणजे मध्ये ६० तास गेले. ६० गुणिले ४, म्हणजे २४० जीबी. तुमच्या डिस्कवर आत्ता एवढी जागा मोकळी आहे का? स्वतःचा आकडा काढणं सोपं आहे. लॉगची सध्याची जागा म्हणजे एलएसएन एका तासाच्या अंतराने दोनदा घ्या आणि फरक काढा. दिवसातल्या गर्दीच्या तासाला काढा, पहाटेच्या नको. आणि 'डिस्क आपोआप वाढते' यावर निश्चिंत राहू नका. वाढलेली डिस्क नंतर सहजासहजी कमी होत नाही आणि तिचं भाडं दर महिन्याला चालू राहतं.

पोस्टग्रेस १३ पासून यावर उपाय आहे: 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ'. डीफॉल्ट किंमत वजा एक, म्हणजे मर्यादाच नाही. ती आवर्जून बदला. मर्यादा ओलांडली की स्लॉट निकामी होतो, स्लॉटच्या यादीत त्याची अवस्था 'लॉस्ट' दिसते आणि नवा स्लॉट करून बॅकफिल पुन्हा करावं लागतं. ते काम कंटाळवाणं असलं तरी ऑर्डर घेणं चालू राहतं. या दोघांत निवड करायची वेळ आली, तर कोणत्याही कंपनीने दुसरा विचार न करता हेच निवडावं.

अलार्म दोन लावा. एक, स्लॉटने पोच दिलेली जागा आणि लॉगची सध्याची जागा यांतला फरक मर्यादेच्या निम्म्यावर गेला की. दुसरा, स्लॉटवर कुणीच जोडलेलं नाही अशी अवस्था दहा मिनिटं टिकली की. संदेश अशा ठिकाणी जाऊ द्या जिथे रविवारी दुपारीही कुणीतरी बघतं.

याचाच एक फसवा प्रकार असा, की टूल व्यवस्थित चालू आहे, एररही नाही, तरी फरक वाढतच जातो. एकाच सर्व्हरवर दोन डेटाबेस असतात तेव्हा लॉग दोघांचा सामाईक असतो. तुमची टेबलं शांत आणि शेजारच्या डेटाबेसची धावपळ चालू असेल, तर पुढे नेण्यासारखा बदल न मिळाल्याने स्लॉट जागचा हलत नाही. उपाय साधा आहे. एक छोटं हार्टबीट टेबल करा, ते पब्लिकेशनमध्ये घाला आणि दर मिनिटाला त्यातली एक ओळ अपडेट करा. हेच टेबल पुढे ताजेपणा मोजायलाही कामी येतं: बिगक्वेरीत त्यातली वेळ वाचली, की डेटा किती मागे आहे ते कळतं.

## बॅकफिल

स्ट्रीम सुरू झाली की जुना डेटा बॅकफिलने येतो आणि नवे बदल लॉगमधून. बॅकफिल म्हणजे मूळ टेबलावरची भलीमोठी 'सिलेक्ट' क्वेरी. ती चालू असेपर्यंत व्हॅक्युमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या साफसफाईच्या कामाला, जुन्या ओळी साफ करता येत नाहीत. म्हणून लहान टेबलं आधी आणा, सगळ्यात मोठं टेबल सुरुवातीला आपोआप बॅकफिलमधून वगळा आणि कमी गर्दीच्या रात्री हाताने सुरू करा. कोट्यवधी ओळींचं टेबल आणि दिवाळीचा सेल एकाच आठवड्यात आणू नका.

## बिगक्वेरीची बाजू

डेटास्ट्रीममध्ये दोन पद्धती आहेत. 'मर्ज'मध्ये पलीकडचं टेबल मूळ टेबलासारखंच दिसतं: अपडेटने ओळ बदलते, डिलीटने जाते. 'अपेंड ओन्ली'मध्ये प्रत्येक बदल ही नवी ओळ, सोबत बदलाचा प्रकार आणि क्रम. ऑर्डरचा स्टेटस कधी, कसा बदलत गेला हे हवं असेल तर दुसरी पद्धत फार मोलाची आहे. मात्र आजची स्थिती काढताना प्रत्येक प्रायमरी कीची शेवटची ओळ निवडून डिलीट झालेल्या वगळाव्या लागतात. तो क्रम नुसत्या वेळेवर लावू नका. एकाच ट्रान्झॅक्शनमधल्या बदलांची वेळ सारखीच असू शकते. मेटाडेटात सॉर्ट की येतात, त्या वापरा. माझा सल्ला: सगळी टेबलं मर्जमध्ये, आणि इतिहास खरोखर लागतो अशी दोन-चार अपेंडमध्ये, वेगळ्या स्ट्रीमने आणि वेगळ्या डेटासेटमध्ये. दुसरी स्ट्रीम म्हणजे दुसरा स्लॉट, त्यामुळे वरचे अलार्म तिलाही लावायचे.

मर्जमध्ये 'मॅक्स स्टेलनेस' नावाचं सेटिंग असतं. आलेले बदल मूळ टेबलात मिसळण्याचं काम किती वेळात व्हायला हवं, ते यावर ठरतं. शून्य ठेवलं तर ताजा डेटा देण्यासाठी प्रत्येक क्वेरीला ते मिसळण्याचं ओझं उचलावं लागतं. सुरुवातीला रिपोर्टच्या मालकांकडून लिहून घेतलेले आकडे इथे वापरायचे.

या कच्च्या टेबलांवर हाताने अपडेट किंवा डिलीट करायचं नाही आणि रिपोर्टही थेट लावायचे नाहीत. मध्ये एक थर ठेवा: आधी व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी, जी टेबलासारखी वापरता येते), आणि जड असेल तिथे दर तासाला किंवा रात्री बनणारं टेबल. मूळ अॅपमध्ये कुणी कॉलमचं नाव बदललं, तर दुरुस्ती एका व्ह्यूत होते, चाळीस डॅशबोर्ड उघडत बसावं लागत नाही.

खर्चाचं गणित वाचलेल्या बाइट्सवर आहे. ऑन डिमांड पद्धतीत महिन्याला पहिला १ टीबी मोफत आणि पुढे वाचलेल्या प्रत्येक टीबीला दर. क्वेरीच्या शेवटी दहा ओळींची 'लिमिट' लावली म्हणून वाचन कमी झालं असं समजू नका. साध्या टेबलात निवडलेले कॉलम पूर्णच वाचले जातात. मोठ्या टेबलांना तारखेचं पार्टिशन द्या, म्हणजे तारखेनुसार त्यांचे वेगळे भाग करा, आणि 'पार्टिशन फिल्टर सक्तीचा' हा पर्याय चालू करा. प्रत्येक युजरला दिवसाचा कोटाही घाला. नव्या माणसाने चुकून सगळे कॉलम मागितले, तर क्वेरी अडेल, बिल फुगणार नाही.

## वेळ आणि पैसा

भारतातल्या टीमला सगळ्यात जास्त छळणारा मुद्दा साडेपाच तासांचा आहे. टाइमझोनसह साठवलेली वेळ बिगक्वेरीत यूटीसीत दिसते. १ जुलैला पहाटे दोनला आलेली ऑर्डर तिथे ३० जूनच्या रात्री साडेआठला पडते. तारीख सरळ काढली, तर ती जूनच्या विक्रीत धरली जाते आणि अकाउंट्सचा आकडा जुळत नाही. मधल्या थरात आशिया/कोलकाता झोन देऊन 'व्यवहार दिनांक' असा वेगळा कॉलम करा, पार्टिशनही त्याच्यावरच लावा आणि सगळ्या रिपोर्टांत तोच वापरायचा नियम करा. टाइमझोनशिवायचे कॉलम वेगळे तपासा. अॅपने त्यांत आधीच भारतीय वेळ लिहिली असेल आणि तुम्ही पुन्हा साडेपाच तास मिळवले, तर चूक उलट्या दिशेने होते.

रकमेच्या बाबतीत बिगक्वेरीचा 'न्यूमेरिक' दशांशानंतर ९ स्थळं ठेवतो, रुपयांना ते भरपूर आहे. पोस्टग्रेसमध्ये मात्र बरेच जण 'न्यूमेरिक' लिहून अंकांची मर्यादा देतच नाहीत. असा कॉलम पलीकडे स्ट्रिंग म्हणून येऊ शकतो. मधल्या थरात त्याचं रूपांतर करा. फ्लोटमध्ये नको, पैसे इकडेतिकडे होतात.

## स्कीमा बदलतो तेव्हा

पोस्टग्रेसचं लॉजिकल रेप्लिकेशन टेबलाच्या रचनेतले बदल पाठवत नाही; टूल ते डेटावरून ओळखतं. नवा कॉलम आला की बिगक्वेरीतही येतो. पण डीफॉल्ट किंमत देऊन कॉलम वाढवलात, तर मूळ डेटाबेसमध्ये जुन्या सगळ्या ओळींत ती किंमत दिसते आणि पलीकडे जुन्या ओळींत तो कॉलम रिकामा राहतो, कारण त्या ओळींसाठी बदलाची नोंद लॉगमध्ये झालेलीच नसते. अशा बदलानंतर त्या टेबलाचं बॅकफिल पुन्हा करा. जनरेटेड कॉलमही आवृत्ती १७ पर्यंत लॉगमधून जात नाहीत; त्यांचं सूत्र मधल्या थरात पुन्हा लिहा.

बॅकएंडच्या टीमशी एकच करार करा: मायग्रेशनच्या, म्हणजे टेबलांची रचना बदलणाऱ्या कोडच्या, पुल रिक्वेस्टवर डेटाच्या बाजूचा एक माणूस असेल. तांत्रिक उपाय कितीही केले, तरी याची सर येत नाही.

## ताळमेळ

रोज सकाळी दोन्हीकडे तीच क्वेरी चालवा: मागच्या सात पूर्ण दिवसांसाठी, दिवसागणिक ओळींची संख्या, रकमेची बेरीज आणि स्टेटसनुसार मोजणी. आजचा दिवस घेऊ नका, डेटा थोडा मागे असल्याने त्यात फरक येणारच. नुसती संख्या पुरत नाही. अपडेट हुकला तर संख्या जुळते, रक्कम किंवा स्टेटस जुळत नाही. महिन्यातून एकदा पूर्ण टेबलाची संख्याही जुळवा, त्यातून जुन्या ओळींचे हुकलेले डिलीट सापडतात. फरक निघाला की आधी टाइमझोन बघा, मग बॅकफिल आणि स्कीमाच्या तारखा. 'ट्रंकेट' (एका आज्ञेत सगळं टेबल रिकामं करणं) वापरत असाल, तर पलीकडे काय होतं हे टेस्ट डेटाबेसवर आधीच करून बघा, टूलनुसार वागणं बदलतं.

ग्राहकाने डेटा पुसायला सांगितला, तर मर्ज टेबलातून ओळ जाते. अपेंडमधला इतिहास, मधल्या थरातली टेबलं आणि कुणी काढून ठेवलेल्या कॉपी मात्र तशाच राहतात. बिगक्वेरीच्या टाइम ट्रॅव्हलमध्येही, म्हणजे टेबलाची मागची स्थिती बघण्याच्या सोयीत, ती ओळ डीफॉल्टने सात दिवस सापडते. पुसण्याचा जॉब या सगळ्या जागांची यादी धरूनच लिहा.

## फेलओव्हर, अपग्रेड आणि बंद करणं

पोस्टग्रेसच्या आवृत्ती १७ च्या आधी स्लॉट स्टँडबायवर, म्हणजे प्रायमरी बंद पडल्यास तिची जागा घेणाऱ्या सर्व्हरवर, जात नाही. स्टँडबायला प्रायमरी केलं की नवा स्लॉट आणि पुन्हा बॅकफिल. क्लाउड एसक्यूएलची हाय अव्हेलेबिलिटी किंवा आरडीएसची दोन झोनची साधी रचना डिस्कच्या पातळीवर कॉपी ठेवते, तिथे स्लॉट टिकतो. जुन्या आवृत्तीवरून मोठं अपग्रेड करताना स्लॉट काढावाच लागतो. त्या दिवशीच्या यादीत 'स्ट्रीम थांबवा, स्लॉट काढा, अपग्रेड करा, स्लॉट पुन्हा तयार करा, बॅकफिल करा' हे लिहूनच ठेवा.

आणि प्रयोग संपला म्हणून स्ट्रीम डिलीट केली, तर काम तिथे संपत नाही. सोर्सवरचा स्लॉट तसाच राहतो आणि लॉग साठवत बसतो. आधी स्ट्रीम थांबवा, स्लॉटवर कुणी जोडलेलं नाही याची खात्री करा, स्लॉट ड्रॉप करा, मग पब्लिकेशन, शेवटी युजर. नंतर स्लॉटची यादी एकदा उघडून ती खरोखर रिकामी आहे ना, ते बघा.